सव्वापाचातून पावणेतीन: छेद सारखे असलेल्या पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी (पाचवी)

पाटीपेन्सिल (धंतोली)

पाचवीच्या लेकरांसाठी विचारते आहे. ५ ३/४ − २ १/४ दिलं तर बिनचूक ३ २/४ येतं, पुढे ३ १/२ सुद्धा करतात. तेच उलटवून ५ १/४ − २ ३/४ दिलं तरी वहीत ३ २/४ च दिसतं. "पाचातून दोन गेले तीन, तीनातून एक गेला दोन" असं म्हणत म्हणत लिहून टाकतात. वरचा अंश लहान आहे हे दिसतं, पण "मोठ्यातून लहान काढायचं" ही पहिलीतली सवय हात सोडत नाही. इथे एक पूर्ण मोडायचा असतो हे पटवायचं कसं, आणि लिहून घ्यायचं कसं?

टायपिंगबद्दल: इथे अपूर्णांक उभा लिहिता येत नाही, म्हणून पूर्णांकानंतर जागा सोडली आहे. ५ १/४ म्हणजे पाच पूर्णांक एक चतुर्थांश. एक्कावन्न चतुर्थांश नव्हे. (वहीतही पुष्कळ जण चिकटवूनच लिहितात आणि पुढच्या ओळीत स्वतःच एक्कावन्न वाचतात.)

खडूची भुकटी (मानेवाडा)

ताई, आधी गणित बदला. ५ १/४ − २ ३/४ या गणितात दोन वेगळ्या चुका एकाच उत्तरात लपतात.

पहिली चूक तुम्ही सांगितलीच, ३ मधून १ काढून २. दुसऱ्या प्रकारचा मुलगा एक पूर्ण मोडतो, १/४ चे ५/४ करतो, ५ मधून ३ काढून २ लिहितो, पण वरचा ५ खोडून ४ करायला विसरतो. त्याचंही उत्तर ३ २/४. पहिल्याला मोडणं माहीतच नाही आणि दुसऱ्याला सगळं येतं, फक्त नोंद राहिली. वहीत दोघं सारखेच दिसतात आणि दोघांना एकच उपदेश मिळतो.

अंशांमधला फरक छेदाच्या बरोबर निम्मा असला की असं होतं. १/४ आणि ३/४, १/६ आणि ४/६, १/८ आणि ५/८, सगळ्यांत हीच गंमत. छेद विषम घेतला की निम्मा पूर्ण येतच नाही, म्हणून तपासणीसाठी ५, ७, ९ असे छेद बरे. मी ६ २/७ − ३ ५/७ सुचवेन. बरोबर उत्तर २ ४/७. यात प्रत्येक चूक वेगळं उत्तर देते, वही पाहताक्षणी कळतं:

३ ३/७ आलं तर अंश उलटे वजा केले.
३ ४/७ आलं तर मोडला, पण ६ चा ५ केला नाही.
२ ३/७ आलं तर ६ चा ५ केला, पण मोडलेला एक अंशात टाकलाच नाही आणि वर उलटं वजा केलं.
२ २/७ आलं तर मोडलेला पूर्ण "एक" म्हणूनच अंशात मिळवला, २/७ चे ३/७ केले, मग पुन्हा उलटं.
२ ७/७ किंवा नुसतं ३ आलं तर दहा उसने घेतले. २ च्या मागे १ लावून १२ केले.
भागाच्या जागी ३/० दिसलं तर छेदही वजा केला.

यातली दहाची चूक सगळ्यांत चिवट. संख्यांच्या वजाबाकीत शेजारच्या घरातून आणलं की दहा मिळतात, हे दुसरी-तिसरीपासून हाताला बसलेलं असतं. इथे एक पूर्ण मोडला की छेदाइतके तुकडे मिळतात, सातचा छेद असेल तर सात. दशमांश घेऊन शिकवायला सुरुवात केली तर ही चूक कळतही नाही. ५ ३/१० − २ ७/१० मध्ये दहा घेणारा मुलगा बरोबरच ठरतो, २ ६/१०. म्हणून पहिल्या आठवड्यात छेद १० नकोच.

पाटीपेन्सिल (धंतोली)

हे दोन चुका एका उत्तरात लपण्याचं लक्षातच आलं नव्हतं. उद्या ६ २/७ वालं देते.

गांधीबागवाला

मास्तर लोक छेदात अडकले जी. कापडाच्या दुकानात सव्वापाच मीटरच्या ताग्यातून पावणेतीन मीटर फाडलं तर अडीच उरलं हे कोणी कागदावर करत नाही. पावणेतीन म्हणजे काय, तीनला पाव कमी. सव्वापाचातून सरळ तीन काढा, उरले सव्वादोन. पाव जास्तीचा काढला होता, तो परत टाका. अडीच. मोडायची भानगडच नाही.

पावकी-निमकी (महाल)

गांधीबागवाले भाऊ जे सांगून राहिले तीच रीत सातवर पण चालते, फक्त आपल्या भाषेत सातासाठी 'पावणे'सारखा शब्द नाही. ३ ५/७ ला चार व्हायला किती कमी? २/७. म्हणजे ३ ५/७ हा "दोन सप्तमांश कमी चार". ६ २/७ मधून चार काढले, २ २/७ उरले, जास्तीचे २/७ परत दिले, २ ४/७.

हेच दोन्हीकडे सारखं मिळवूनही होतं. दोन संख्यांमध्ये तेवढंच टाकलं तर फरक बदलत नाही. दोन्हींत २/७ टाका: ६ ४/७ − ४. आता अंशांत वजा करायला काही उरलंच नाही, २ ४/७. वरच्या वर्गात हुशार पोट्टे हेच तोंडी करतात.

पण आधी एक बघून घ्या. आताच्या लेकरांना पावणेतीन म्हटलं की बरेच जण ३ ३/४ लिहितात, पाऊण ऐकू येतो आणि तीन ऐकू येतात म्हणून. घड्याळ दाखवा: पावणेतीन वाजले तेव्हा तास-काटा तीनच्या अलीकडे असतो. सव्वा पुढे, पावणे मागे. हे पक्कं नसेल तर कापडाचं उदाहरण मदत करायच्या ऐवजी गोंधळ वाढवतं. दीड आणि अडीच पण सांगून ठेवा, नाहीतर साडेएक, साडेदोन ऐकावं लागतं.

अंशाधिक

एवढा फाफटपसारा कशाला? दोन्ही अंशाधिक (अंश छेदापेक्षा मोठा) करा, वजा करा, परत पूर्णांकयुक्त करा. ६ × ७ + २ = ४४, ३ × ७ + ५ = २६. ४४/७ − २६/७ = १८/७ = २ ४/७. मोडा, खोडा, विसरा काही नाही. वरचा अंश लहान असो की मोठा, रीत एकच. शिष्यवृत्तीच्या पेपरात घाई असते, एकच पक्की रीत असलेली बरी.

खडूची भुकटी (मानेवाडा)

रीत बरोबर आहे, चुकीची कोणी म्हणत नाही. पण २७ ३/८ − १४ ५/८ घ्या. तुमच्या रीतीने २१९/८ − ११७/८ = १०२/८, मग १०२ ला ८ ने भागा, १२ ६/८, मग १२ ३/४. दोन गुणाकार, एक तीन अंकी वजाबाकी, एक भागाकार. मोडून केलं तर २६ ११/८ − १४ ५/८ = १२ ६/८, संपलं. घाई असेल तर हीच रीत लहान पडते.

दुसरं, अंशाधिक करताना चुकणाऱ्यांची तऱ्हा वेगळी असते. ६ २/७ चे कोणी ६ × २ + ७ = १९ करतो, कोणी ७ × २ + ६ = २०. तिन्ही आकडे वापरले म्हणजे झालं असं वाटतं. आणि १९/७ म्हणजे तीनपेक्षा कमी, सुरुवात सहापेक्षा जास्त होती, हे त्या क्षणी दिसत नाही, कारण आकडे मूळ संख्येसारखे राहिलेलेच नसतात. मोडण्याच्या रीतीत ६ चा ५ होतो, संख्या ओळखीची राहते.

अंशाधिक

मोठ्या पूर्णांकाचं मान्य. लहान पूर्णांकाला, म्हणजे १ ते ५ पर्यंत, मी अंशाधिकच म्हणेन. पडताळ्यासाठी तर नक्कीच: एका रीतीने केलं, दुसऱ्या रीतीने तपासलं.

बर्डीकडचा

नागपुरात बसून कापड काय, संत्री घ्या ना! एक संत्रा सोलला की फोडीच फोडी, पूर्ण मोडला की तुकडे दिसतात. 😀

खडूची भुकटी (मानेवाडा)

संत्र्यात दोन अडचणी. फोडी किती निघतील याचा नेम नाही, एकात दहा, दुसऱ्यात अकरा-बारा. आणि सगळ्या सारख्या नसतात, एखादी बारकी चिपाड निघतेच. अपूर्णांकात भाग समान हवेत आणि प्रत्येक पूर्णाचे तेवढेच हवेत, नेमकं तेच संत्रा देत नाही. संत्रा बर्फी चालेल, वडी आयताकृती असते, सुरीने सारखे काप करता येतात.

स्वस्तात हवं असेल तर कागदाच्या पट्ट्या. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंमी असते. रुंदीच्या दिशेने ३ सेंमीच्या पट्ट्या कापल्या तर लांबी २९.७ सेंमी असल्यामुळे एका कागदातून ९ पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी २१ सेंमी, म्हणजे ३-३ सेंमीवर खुणा केल्या की बरोबर सात समान भाग. सातासाठी घडी घालायचा प्रयत्न करू नका, जमत नाही. आठासाठी तीनदा अर्ध्यात घडी घातली की झालं. पाचासाठी पट्टी २० सेंमीची करा, ४-४ सेंमी.

६ २/७ साठी सहा अखंड पट्ट्या, आणि सातवीचे २ तुकडे कापून ठेवायचे, बाकीचे पाच तुकडे डब्यात, बाकावर नको. आता म्हणा, ५ सप्तमांश द्या. दोनच आहेत. मग सहापैकी एक पट्टी त्यालाच कात्रीने कापू द्या. सात तुकडे पडतात, हातात नऊ होतात, अखंड पट्ट्या पाच उरतात. दहा तुकडे कुठून येणार? तिथेच दहाची चूक मोडते. नऊतून पाच दिले, चार उरले. पाच पट्ट्यांतून तीन दिल्या, दोन उरल्या.

एक सूचना: ३ ५/७ च्या पट्ट्या वेगळ्या मांडू नका. दोन्ही ढीग मांडले की लेकरं एकत्र मोजायला लागतात, बेरीज होते. वजा करायची संख्या फक्त तोंडी सांगा, पट्ट्या पहिल्या ढिगातूनच जातील.

पाटीपेन्सिल (धंतोली)

पट्ट्यांवर जमलं तरी वहीत आलं की पुन्हा तेच होतं. लिहिण्याची पद्धत कशी ठेवावी?

खडूची भुकटी (मानेवाडा)

मधली ओळ सक्तीची करा, निदान पहिल्या दहा-बारा गणितांना:

६ २/७ = ५ + ७/७ + २/७ = ५ ९/७

यात ७/७ स्वतंत्र दिसतं. बहुतेक ठिकाणी सरळ ६ खोडून ५ आणि २ खोडून ९ लिहायला शिकवतात. मग नऊ कुठून आला हे दोन दिवसांनी आठवत नाही आणि त्या जागी बारा येतो. ७/७ लिहिला की दहाला जागाच उरत नाही. ही ओळ लिहून झाल्यावरच खालची संख्या लिहायची.

आणि क्रम: सगळ्यांत आधी अंश बघायचे, पूर्णांकाला हात नाही लावायचा. डावीकडून सुरुवात केली की ६ − ३ = ३ लिहून होतं, मग अंश अडतात, मग ३ खोडायचा की ६ खोडायचा हा घोळ.

पावकी-निमकी (महाल)

डावीकडून करणाऱ्याला इतकं रागवू नका. ६ − ३ = ३ बरोबर. २ सप्तमांशातून ५ सप्तमांश द्यायचे तर ३ सप्तमांश कमी पडतात, हेही बरोबर. ज्याने ३ ३/७ लिहिलं त्याचे दोन्ही आकडे बरोबर आहेत! फक्त ते तीन सप्तमांश उरलेले नाहीत, कमी पडलेले आहेत. तीनातून ते द्यायचे राहिले: ३ − ३/७ = २ ४/७. "हे तुझ्याकडे उरले की तुला कमी पडले?" एवढा एकच प्रश्न विचारा. खोडून पहिल्यापासून करायला लावायची गरज पडत नाही.

घरचाही एक घोळ असतो. आजी-आजोबा किंवा आईवडील जुन्या रीतीने सांगतात: "दोनातून पाच जात नाहीत, हातचा घे, खाली एक मिळव." ती रीत इथेही चालते. २ + ७ = ९, ९ − ५ = ४, हातचा १ खालच्या ३ मध्ये, ३ + १ = ४, ६ − ४ = २. उत्तर २ ४/७. ही रीत आणि शाळेतली रीत वेगवेगळी असेपर्यंत ठीक. दोन्ही एकत्र झाल्या, वर ६ चा ५ आणि खाली ३ चा ४, की उत्तर १ ४/७. वहीत १ ४/७ दिसलं तर समजा घरी कोणीतरी मदत केली. घरच्यांना सांगा, एकच धरा, कोणतीही.

खडूची भुकटी (मानेवाडा)

१ ४/७ माझ्या यादीत राहिलं होतं. घ्या ते सातवं.

३/० वाल्यांबद्दल एक. "दोन छेद सात" असं वाचायला शिकवलं की मुलाला दोन संख्या ऐकू येतात, म्हणून दोन्ही वजा होतात. "दोन सप्तमांश" वाचून घ्या. मग सप्तमांश हे नाव होतं, पाच पेन्सिलींतून दोन पेन्सिली गेल्या तसं. पेन्सिल थोडीच वजा होते. पंचमांश, षष्ठांश, सप्तमांश, अष्टमांश, नवमांश हे पाच शब्द पाठ असले तरी पाचवीचं काम भागतं. सेमी इंग्रजीच्या मुलांनाही मराठीतून एकदा म्हणून घ्या, नाव आणि संख्या चटकन वेगळी होते.

वेळापत्रक

तास-मिनिटांचं उदाहरण कोणी दिलं नाही. ५ तास १० मिनिटांतून २ तास ४० मिनिटं. इथे एक तास मोडला की ६० मिनिटं, दहा नाही. ४ तास ७० मिनिटं − २ तास ४० मिनिटं = २ तास ३० मिनिटं. डझनात १२, फुटात १२ इंच. प्रत्येक ठिकाणी मोडल्यावर किती मिळतात ते त्या मापावर ठरतं, अपूर्णांकात ते माप छेद सांगतो. तास-मिनिटं आधी झाली असतील तर त्याच्याच पाठीवर हा धडा घ्या.

पाटीपेन्सिल (धंतोली)

छान जुळतं हे. आता गणितांचा क्रम कसा लावू? आणि ७ − २ ३/५ सारख्यांचं काय? तिथे सगळे ५ ३/५ लिहितात.

खडूची भुकटी (मानेवाडा)

५ ३/५ यायचं कारण, वर अपूर्णांकाची जागा रिकामी दिसते, म्हणून खालचा ३/५ तसाच उतरवतात. बेरजेत तसं चालतं, ७ + २ ३/५ मध्ये ३/५ उतरवणं बरोबर आहे, तिथूनच आलेली सवय. तिथे ७ ०/५ लिहायला लावा, म्हणजे शून्य सप्तमां... चुकलं, शून्य पंचमांश. 😀 शून्य दिसलं की मोडावंच लागतं: ६ ५/५ − २ ३/५ = ४ २/५.

उलट मी हे गणित ६ २/७ च्या आधीच घेईन. मोडण्याचं शुद्ध रूप हेच आहे, पूर्णाचे ५/५ होतात, आधीचे तुकडे त्यात मिसळायचे नसतात. त्यामुळे क्रम असा: मोडावं न लागणारी तीन-चार (५ ४/७ − २ १/७ = ३ ३/७), मग अपूर्णांक उडून जाणारं एखादं (४ ५/९ − २ ५/९, इथे २ ०/९ न लिहिता २), मग ७ − २ ३/५ ची जात, मग ६ २/७ ची. त्यानंतर पूर्णांक संपणारं: ४ ३/८ − ३ ७/८ = ३ ११/८ − ३ ७/८ = ४/८ = १/२. इथे ० १/२ लिहितात, चूक नाही पण शून्य काढायला सांगा. अतिसंक्षिप्त रूप शेवटी. मधल्या ओळीत संक्षेप केला तर छेद बदलतो आणि सारखे असलेले छेद वेगळे होतात.

मग सगळी मिसळून द्या, हे विसरू नका. मोडायचा सराव झाला की चार दिवस सगळंच मोडतात. ५ ४/७ − २ १/७ ला सुद्धा ४ ११/७ करून २ १०/७ लिहून थांबतात. किंमत तीच आहे, पण १०/७ तसंच राहतं. मिसळलेल्या गणितांत आधी फक्त अंश बघून "मोडायचं" किंवा "नाही" एवढंच समासात लिहायला लावा, दहा गणितांना. सोडवायचं नंतर.

अंशाधिक

अंदाजही घालून घ्या. ६ २/७ म्हणजे सहाच्या जरा वर, ३ ५/७ म्हणजे चारच्या जरा खाली. उत्तर दोनच्या जरा वर असणार. ३ ४/७ की २ ४/७ हा प्रश्न तिथेच सुटतो.

बर्डीकडचा

आणि ३ − ५/६? खाली पूर्णांकच नाही. २ ५/६ लिहिलेलं पाहिलंय.

पावकी-निमकी (महाल)

एक मोडला, ३ चे २ केले आणि मोडलेले ६/६ टाकून देऊन ५/६ उतरवला. २ ६/६ − ५/६ = २ १/६. किंवा तोंडी: एकातून ५/६ गेले तर १/६ उरतो, बाकीचे दोन तसेच. पडताळ्याला उत्तरात ५/६ मिळवून बघायला सांगा, २ १/६ + ५/६ = २ ६/६ = ३. २ ५/६ मध्ये मिळवलं तर २ १०/६ होतं, तीनच्या पुढे जातं.